विचारलं तेवढंच

आमच्या मास्तरांना जेवढं विचाराल तेवढंच ते सांगायचे. त्याच्यापुढे एक अक्षर नाही. एकदा एक वाटसरू डोक्यावर बोचकं घेऊन बांधावरून आला. मास्तर शाळेच्या ओट्यावर बसून छत्रीच्या काडीला तार गुंडाळत होते. त्याने विचारलं, "हा रस्ता मोठ्या खाडीवर जातो का हो?" मास्तर म्हणाले, "जातो." बिचारा भर उन्हात मैलभर चालत गेला आणि तासाभरात घाम पुसत परत आला. "अहो, तिकडे होडीच नाही!"

"नाही," मास्तर म्हणाले.

"मग मघाशी का नाही सांगितलंत?"

"होडीचं तुम्ही आत्ता विचारताय."

तो माणूस मास्तरांना काय काय बोलला ते मी लिहीत नाही. मी तेव्हा ओट्याखाली सागरगोटे खेळत होते, आणि त्यातले दोन शब्द मला नवीन होते एवढं सांगते. मास्तरांनी मात्र त्याला आत नेऊन पाणी दिलं, गूळ दिला, आणि दुसऱ्या वाटेच्या वळणापर्यंत सोडून आले. कारण निघताना त्याने विचारलं होतं, "मग जाऊ तरी कुठनं?"

माणूस वाईट नव्हता हो. पण त्यांच्यासोबत संसार करणं म्हणजे कठीण काम होतं. मास्तरीणबाई बाजारच्या दिवशी विचारायच्या, "वांगी होती का बाजारात?" मास्तर म्हणायचे, "होती." बाई पिशवी उलटी करून बघायच्या. "मग कुठायत?" तर म्हणे, "बाजारातच असतील." बाई कपाळावर हात मारायच्या आणि आमच्या आईकडे येऊन दोन वांगी घेऊन जायच्या. आमच्या परसात वांगी बारमास असायची, ती निम्मी मास्तरांच्या या स्वभावापायी संपायची.

वर्गातही तोच खाक्या. पण तिथे एक गंमत होती. आम्ही काही विचारलं की मास्तर डोळे मिटून ऐकायचे, आणि बहुतेक वेळा म्हणायचे, "प्रश्न कच्चा आहे. पिकवून आण." मग घरी जायचं, प्रश्न घोळवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आणायचा. मी दुसरीत असताना विचारलं होतं, "मास्तर, सुकतीला खाडीचं पानी जातं कुठं?" सुकती म्हणजे ओहोटी, आमच्याकडे तसंच म्हणतात. मास्तर म्हणाले, "कच्चा." चार दिवस मी बांधावर जाऊन बसले. पाचव्या दिवशी विचारलं, "मास्तर, भरती रोज उशिरानं का येते? काल आली त्याच येलेला आज का न्हाय?" मास्तरांनी डोळे उघडले. "हां. हा पाडाला लागला," म्हणाले, आणि त्या दिवशी गणिताचा तास झालाच नाही. चिंच, पेरू आणि नारळ घेऊन मास्तर पृथ्वी, चंद्र, सूर्य फिरवत राहिले. शेवटी पेरू आम्ही खाल्ला.

आमचं गाव धरमतरच्या खाडीच्या एका फाट्यावर. या तीरावर आम्ही, मिठागरवाले आणि भातवाले. पलीकडच्या तीरावर एक पाडा. शाळेतली निम्मी पोरं त्या पाड्यावरची. मध्ये पूल नाही, आणि रोज पोरांना नेणारी होडी कोण देणार? पाणी उतरलं की पोरं चिखल तुडवत यायची आणि फार चढायच्या आत परत जायची. म्हणून मास्तरांनी शाळेची वेळ पाण्यावर ठेवली होती. घड्याळ शाळेत नव्हतंच. अंगणात एक काठी रोवलेली होती. तिची सावली सगळ्यांत आखूड झाली की मास्तरांचे बारा वाजायचे. आणि भरतीची वेळ काढायला आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या एक हिशेब आहे: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणकी करा, तितक्या वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणकी सहा, म्हणून सहाला भरती. चतुर्थीला चाराची पाऊणकी तीन. बाकीच्या शाळांतली पोरं पाऊणकी पाठ करायची ती छडीच्या भीतीनं. आमच्याकडे पाऊणकी चुकली तर पोरगं घरी पोचायच्या आधी कमरेएवढ्या पाण्यात उभं असायचं. त्यामुळे ती कोणाची चुकत नसे.

आता होई काय, अष्टमीच्या सुमाराला शाळा दहाला भरून तीनला सुटायची, अगदी सरकारी शाळेसारखी. पण पौर्णिमा-अमावास्येला भर दुपारी भरती. तेव्हा शाळा उजाडता भरायची, आठला सुटायची आणि उरलेली चारनंतर पुन्हा भरायची. गावाला सवय होती, कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

आणि नेमके पौर्णिमेला, सकाळी अकरा वाजता, शाळा तपासायला डिप्टीसाहेब आले.

साहेब उंच, गोरे, डोक्याला रुमाल, पायांत काळे चकचकीत पंप जोडे. बैलगाडीतून उतरले ते पाय कुठे ठेवावा हे बघत. शाळेत चिटपाखरू नाही. मास्तर ओट्यावर बसून कोटाला बटण लावतायत आणि मी शेजारी बसून त्यांना सुई ओवून देतेय.

"मुलं कुठायत?" साहेबांनी विचारलं.

"घरी."

"आज सुटी आहे?"

"नाही."

"मग शाळा भरते तरी किती वाजता?"

"रोज वेगळ्या वाजता."

साहेब लालबुंद झाले. "कोणाच्या हुकमानं?"

मास्तरांनी सुई धरलेला हात वर केला, थोडा विचार केला, आणि म्हणाले, "चंद्राच्या."

झालं! अहो, खाडी आहे, पोरं पलीकडून येतात, पाणी असलं की येता येत नाही, एवढी तीन वाक्यं बोलले असते तर साहेब चहा घेऊन गेले असते. पण साहेबांनी 'का' म्हणून विचारलंच नाही, आणि विचारल्याशिवाय मास्तर बोलतील तर ते मास्तर कसले! साहेबांनी शेरेबुकात इंग्रजीत पुष्कळ काही लिहिलं आणि जाताना तोंडी सांगून गेले, "असल्या शाळेला वरचे वर्ग कशाला हवेत? येत्या जूनपासून पाचवी, सहावी, सातवी बंद. चौथीपर्यंत काय तो गोंधळ घाला." दारात थांबून त्यांनी आणखी एवढंच म्हटलं की चैत्रात अलिबागला शाळांचं पदार्थविज्ञानाचं प्रदर्शन आहे, मुलांनी स्वतः केलेली वस्तू मांडायची आणि मुलांनीच समजावून सांगायची, तिथे या शाळेनं काही दाखवलं तर ते पुन्हा विचार करतील.

मी तेव्हा चौथीत होते. चौथीतली मी एकटी मुलगी. आमच्या बाबांचं म्हणणं पहिल्यापासून स्वच्छ होतं: "गावात शाला हाय तवर जा. शाला सपली का मिठागरावर चल." दुसऱ्या गावच्या शाळेत पोरीला पाठवणं त्या काळी आमच्यात कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. म्हणजे पाचवी गेली की मी गेले. मला मिठागराचं वावडं नव्हतं, माझे आईबाप तिथेच राबत होते. पण मला पाचवी हवी होती. पाचवीच्या पुस्तकात तारकांचा धडा आहे असं सातवीतल्या एकानं मला सांगितलं होतं, आणि तो मी स्वप्नात दोनदा वाचला होता.

त्या दिवशी घरी जाऊन मी रडले, आणि मास्तरांचा मला इतका राग आला की दोन दिवस मी त्यांना सुई ओवून दिली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच मला बोलावलं. "प्रदर्शनात काय मांडायचं?" त्यांनी विचारलं. मास्तर प्रश्न विचारतायत हेच नवल. मी फणकाऱ्यानं म्हणाले, "भरती मांडा! तिच्यापायीच सगलं झालं." मास्तर म्हणाले, "पिकलेला आहे."

अशी ती भरतीचक्राची सुरुवात झाली. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचं एक थोरलं चाक, त्याच्यावर पंधरा तिथ्या. त्याच्या मागे एक फळी, तिच्यावर तास. चाक फिरवून आजची तिथी खुणेवर आणली की काट्याचं टोक भरतीची वेळ दाखवायचं. चाक बाबांनी तासून दिलं, आकडे मी काढले, आणि फिरवायचं काम धर्माकडे. धर्मा पलीकडच्या पाड्यावरचा, माझ्याच वर्गातला. पाण्याचं त्याला आमच्या सगळ्यांहून जास्त कळायचं, पण अनोळखी माणूस दिसला की त्याची वाचा बसायची. म्हणून बोलायचं मी आणि फिरवायचं त्याने, असं ठरलं. काटा कशाचा करायचा यावर मात्र धर्मानं अक्कल चालवली. त्यानं एका थोरल्या कुर्लीची, म्हणजे खेकड्याची, नांगी आणली आणि खिळ्यानं ठोकली. लालभडक नांगी तीनच्या आकड्याला चिमटा घेतेय असं दिसायचं. आम्ही सगळे खूष. ती नांगी आतून नीट साफ झालेली नाही हे कोणाच्या लक्षात आलं नाही. मास्तरांच्या आलं असेल, पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

मचव्यानं रेवसला आणि तिथून बैलगाडीनं आम्ही अलिबागला पोचलो तो दिवस संकष्टीचा. प्रदर्शन समुद्राजवळच्या एका शाळेच्या आवारात होतं. बाई गं, काय एकेक वस्तू! एका शाळेनं मातीचा ज्वालामुखी केला होता आणि त्यातून कापराचा धूर काढत होते. शहरातल्या शाळेची पोरं बूट घालून आली होती आणि त्यांनी तारायंत्र मांडलं होतं. इकडे कट्ट केलं की तिकडे कट्ट. आणि त्यांच्यामध्ये आमचं चाक. चैत्राचं ऊन चढायला लागलं तशी नांगी बोलायला लागली. ज्वालामुखीवाल्यांनी आपलं टेबल चार हात लांब नेलं. तारायंत्राच्या पोरांनी नाकाला रुमाल लावले. धर्मा माझ्या कानाशी म्हणाला, "काडून टाकू का?" मी म्हणाले, "आनि येल काय बोटानं दाखवशील?"

मास्तरांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी सवयीनं आवारात एक काठी रोवली होती आणि तिच्या सावलीजवळ उकिडवे बसले होते. सावली सगळ्यांत आखूड झाली तेव्हा त्यांनी मला खूण केली. आमचे बारा वाजले. अगदी त्याच वेळी डिप्टीसाहेब आमच्या टेबलाशी आले. त्यांनी नाकाला रुमाल लावला, दुसऱ्या हातानं खिशातलं घड्याळ काढलं आणि बरोबरच्या शिपायाला म्हणाले, "बारा चाळीस झाले. आटपा लवकर, अजून निम्मं राहिलंय." मी माझ्या डोळ्यांनी त्या घड्याळाचे काटे पाहिले. मला वाटलं, साहेब मोठे, त्यांचे बारा आमच्याआधी वाजत असतील.

साहेबांच्या बरोबर दुसरे परीक्षक होते अलिबागचेच एक म्हातारे डॉक्टर. गोल पोट, हसरा चेहरा. त्यांनी नाकाला काही लावलं नाही. उलट नांगीला बोट लावून बघितलं आणि म्हणाले, "वा! कुर्ली चांगली भरलेली होती." साहेबांना संकष्टीचा उपास. त्यांनी तोंड फिरवलं.

मी पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं: चंद्र, पाऊणकी, खाडी, पोरं कधी येतात, शाळा कधी भरते. होय, शाळेचंही म्हटलं मी! ते मास्तरांनी सांगितलं नव्हतं, मीच घुसडलं होतं. साहेबांनी भुवया वर केल्या. म्हणजे त्यांना कळलं. पण कळलं म्हणून माणूस मागे हटतो थोडाच.

"आज भरती किती वाजता?" त्यांनी विचारलं.

धर्मानं चाक फिरवलं. नांगी तीनवर.

"तीन वाजता, साहेब."

"बरं. समुद्र काही लांब नाही. आपण बघू या. तीन वाजता भरती थांबली तर तुमचं यंत्र खरं. नाही थांबली तर पंचांग पाहून शाळा भरवायचे उद्योग बंद."

अडीच वाजता सगळी वरात किनाऱ्यावर. साहेब, डॉक्टर, शिपाई, तारायंत्राची पोरं, ज्वालामुखीची पोरं, आणि चाक डोक्यावर घेतलेला धर्मा. समोर पाण्यात किल्ला. साहेबांनी मास्तरांना विचारलं, "पाणी येणार कुठपर्यंत?" मास्तरांनी छत्रीच्या टोकानं वाळूवर एक रेघ ओढली. "इथपर्यंत." पाणी अजून पुष्कळ खाली होतं.

आम्ही उभे राहिलो. लाटा येत होत्या, थोड्या थोड्या वर सरकत होत्या. साहेबांच्या हातात घड्याळ. शेवटी ते म्हणाले, "वाजले तीन."

पाणी रेघेपासून वीसेक पावलं खाली होतं, आणि येतच होतं.

साहेब हसले. त्या दिवसातलं त्यांचं पहिलं हसू ते. "का हो मास्तर, माझ्या घड्याळात किती वाजलेत?"

मास्तर वाकून बघत म्हणाले, "तीन."

"भरती थांबलीय?"

"नाही."

"मग झालं तर," साहेब म्हणाले. हा काही प्रश्न नव्हता. त्यामुळे मास्तर गप्प. साहेबांनी पायांतले पंप जोडे काढले आणि रेघेच्या पुष्कळ खाली, ओल्या वाळूच्या कडेला नीट जोडीनं ठेवले. "तुमच्या यंत्राप्रमाणे भरती संपली ना? मग इथे पाणी यायचं काही कारण नाही," असं म्हणून, अनवाणी पायांनी वर जाऊन, ते वाळूत ओढून ठेवलेल्या एका होडीवर बसले आणि शिपायाकडून शेरेबुक मागून घेतलं.

मी मास्तरांकडे बघितलं. मास्तर छत्री टेकून समुद्राकडे बघत उभे. त्यांना माहीत होतं. काठी त्यांनीच रोवली होती, साहेबांचं 'बारा चाळीस' त्यांनीही ऐकलं होतं. एवढा मोठा माणूस, माझी पाचवी त्याच्या जिभेवर आहे, आणि तोंड मिटून उभा! मला वाटलं, आता बोलतील, आता बोलतील. साहेबांनी टाक शाईत बुडवला. आणि माझं डोकंच फिरलं.

"साहेब, तुमचं घड्याल फुडं हाय!"

चौथीतली पोर, डिप्टीसाहेबांना, कोणी न विचारता! धर्मानं चाक खाली टाकलं.

"काय म्हणालीस?"

आता थांबून उपयोग नव्हता. "आमचं चाक काठीच्या सावलीवर चालतं. दुपारी सावली सगल्यांत आखूड झाली तवा आमचं बारा वाजलं. तवा तुमच्या घड्यालात बारा चालीस झालं व्हतं. मी पायलं. आमचं तीन अजून वाजायचं हाय."

साहेब उठले तेवढ्यात डॉक्टर मोठ्यानं हसले, पोट धरून. त्यांनी आपलं साखळीचं घड्याळ काढलं आणि साहेबांच्या नाकापुढे धरलं. "दोन वाजून वीस मिनिटं! पोर बरोबर बोलतेय."

तो काळ असा की मुंबईकडे दोन वेळा चालायच्या. सरकारनं सगळ्या देशाला एक वेळ लावून दिली होती, ती कचेरीची. पण कित्येकांनी आपली जुनी मुंबईची वेळ सोडली नव्हती, आणि ती सरकारी वेळेच्या चाळीसेक मिनिटं मागे. साहेब कचेरीचे. डॉक्टर जुन्या वेळेचे कट्टर. "सरकारनं माझी चाळीस मिनिटं मागितली, मी दिली नाहीत," ते म्हणाले. "आणि समुद्रानंही दिलेली दिसत नाहीत. आता थांबा चाळीस मिनिटं."

साहेबांना नाही म्हणता येईना. एवढ्या लोकांसमोर त्यांनीच पैज लावलेली. मग आम्ही थांबलो. साहेब आणि डॉक्टर खरी वेळ कुठली यावर हमरीतुमरीवर आले, शिपाई दोघांनाही होय म्हणत होता, तारायंत्राची पोरं बूट काढून पाण्यात खेळायला लागली. पाणी मुकाट वर येत होतं. एक लाट आली आणि साहेबांच्या डाव्या जोड्याला उचलून गेली. पुढच्या लाटेनं उजवा नेला. मी पाहिलं. धर्मानं पाहिलं, त्यानं माझा हात घट्ट धरला. मी मास्तरांकडे बघितलं, तर मास्तरही जोड्यांकडेच बघत होते, आणि मान थोडी वळवत वळवत ते कुठे जातात ते बघत होते. मी न विचारता एकदा बोलले होते. दुसऱ्यांदा बोलायची माझ्यात हिंमत नव्हती.

डॉक्टरांच्या घड्याळात तीनला दोन मिनिटं कमी असताना पाणी रेघेला लागलं. तिथे ते रेंगाळलं, पुढच्या दोन-तीन लाटा तिथपर्यंतच आल्या, आणि मग हळूच एक लाट अलीकडे थांबली. धर्मा, ज्याची वाचा बसलेली असायची तो धर्मा, किंचाळला, "फिरलं! फिरलं!" पोरांनी टाळ्या पिटल्या. डॉक्टरांनी मला उचललं. मी रडायला लागले, मला काही सुधरत नव्हतं.

"माझे जोडे कुठायत?" साहेबांनी शिपायाला विचारलं. शिपायाला माहीत नव्हतं. ते दोघे इकडेतिकडे शोधत राहिले. मास्तरांना कोणी विचारलं नाही.

बक्षीस तारायंत्राला मिळालं. ते मिळणारच होतं. आमच्या वाट्याला शेरेबुकातला शेरा आला, आणि तो साहेबांनी अनवाणी उभं राहून, उपाशी पोटी, मराठीत लिहिला: 'या शाळेची वेळ पाण्याप्रमाणे ठेवण्यास हरकत नाही. वरचे वर्ग चालू ठेवावेत.' आणि खाली: 'प्रदर्शनाच्या वस्तूंत यापुढे मासळी वापरू नये.' माणूस चिडका होता, पण खोटा नव्हता, हे मी आजही म्हणेन.

मास्तरांनी आम्हा दोघांना मुक्कामाच्या देवळात पाठवलं आणि स्वतः मागे राहिले. दिवेलागणीला आले ते धोतर गुडघ्यापर्यंत ओलं, आणि बगलेत मिटलेली छत्री चांगली फुगलेली. आम्ही काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मचव्यात ते मला एवढंच म्हणाले, "तुला कोणी विचारलं होतं?" मी म्हणाले, "न्हाय." पुढे गाव येईपर्यंत एक शब्द नाही. मला वाटलं, रागावले. मीही रागावलेच होते. पाचवी वाचली ती माझी मी वाचवली, यांनी काय केलं? हे मनात धरून मी पाचवी केली, सहावी केली, सातवीची फायनल पास झाले. साहेब पुढे दोन-तीन वर्षं तपासणीला यायचे, पाणी बघून यायचे, पायांत नवे जोडे असायचे. मास्तर त्यांच्या पायांकडे बघायचे, मग तोंडाकडे बघायचे, आणि वाट पाहत उभे राहायचे. साहेब पटावरचं विचारायचे, फळ्याचं विचारायचे, आणि निघून जायचे.

तोवर बाबांचाही विरोध मावळला होता; पुण्याला ट्रेनिंग करून मी मास्तरीण झाले आणि तीन वर्षांनी बदली झाली ती आमच्याच गावी. मास्तर पेन्शनीत निघाले होते, मी त्यांच्या जागेवर. प्रदर्शनाला तोवर दहा वर्षं झाली होती. मास्तरांचे केस पांढरे, छत्री तीच. त्यांनी चार्जाची यादी वाचायला घेतली आणि मी एकेक वस्तू बघून खूण करत गेले. टेबल एक. खुर्ची एक, पाय मोडका. नकाशे दोन. सावलीची काठी एक. भरतीचक्र एक, नांगीविना. आणि शेवटी, त्याच आवाजात, "पंप जोडे, काळे, जोड एक. मालकाने विचारणा केलेली नाही."

कपाटाच्या तळाशी होते ते. मिठानं पांढरे पडलेले, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून आकार जपलेला. मी खाली बसून हसत सुटले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मास्तर हसले नाहीत. ते मी सही करायची वाट बघत होते.

मी सही केली. आणि मग इतकी वर्षं पोटात ठेवलेलं विचारलं. "मास्तर, त्या दिवशी मी बोलले नसते, तर तुम्ही सांगितलं असतंत?"

मास्तरांनी डोळे मिटून ऐकलं. "चांगला पिकवलास," म्हणाले. मग डोळे उघडून, "सांगितलं असतं. तोंड उघडलं होतं. तू आधी बोललीस."

एवढंच. विचारलं तेवढंच सांगितलं. छत्री उचलली, मास्तरीणबाई पुढे गेल्या होत्या त्या वाटेनं आपल्या मूळ गावी निघाले. सुकतीची वेळ होती, पलीकडे त्यांची बैलगाडी उभी होती. मी ओट्यावर उभी राहून बघत होते. खाडीच्या मध्यावर, चिखलात पोटरीपर्यंत रुतलेले, मास्तर थांबले. मला वाटलं, चप्पल अडकली. तर ते वळले, आणि तसेच चिखल तुडवत परत अलीकडे आले, बांधावर चढले, ओट्यासमोर उभे राहिले. त्यांना धाप लागली होती.

"बाई," ते म्हणाले. त्या दिवसापर्यंत त्यांनी मला कधी बाई म्हटलं नव्हतं. "तुम्ही बोललात ते फार बरं केलंत."

मी हे त्यांना विचारलं नव्हतं.